चार चौकटींत कोंबलेली माणसे

सहावी, सातवी, आठवीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एक आकृती हमखास दिसते. मधोमध एक गोल, त्यात पाठातल्या माणसाचे नाव. भोवती चार रिकाम्या चौकटी. वर हुकूम : स्वभाववैशिष्ट्ये लिहा. बारा वर्षांचे मूल पेन उचलते आणि भरून टाकते : प्रेमळ, कष्टाळू, प्रामाणिक, दयाळू. चार शब्द, दोन गुण, प्रश्न संपला. पुढच्या पाठात दुसरा माणूस येतो, दुसरा गोल येतो, आणि त्याच्या भोवतीच्या चौकटींतही तेच चार शब्द जाऊन बसतात. पाठातला माणूस शेतकरी असो, शास्त्रज्ञ असो, सैनिक असो वा कुणाची आजी असो, विशेषणे आधीच ठरलेली आहेत. पाठ न वाचताही ती लिहिता येतात आणि न वाचता लिहिली तरी पूर्ण गुण मिळतात. याला मराठी शिकवणे म्हणत असाल, तर आम्ही स्पष्ट सांगतो : हा मुलांच्या बुद्धीवर घातलेला दरोडा आहे. तो भरदिवसा, वर्गाचे दार उघडे ठेवून, पालकांच्या डोळ्यांदेखत घातला जातो आहे, आणि त्याविरुद्ध ब्र काढायला कुणी तयार नाही.

गोष्टीतला माणूस काय करतो, काय बोलतो, काय बोलायचे टाळतो, मोठ्यांसमोर कसा वागतो आणि दुबळ्यांसमोर कसा, सुरुवातीला कसा होता आणि शेवटी कसा झाला, हे पाहून त्याच्याविषयी मत बनवायचे आणि ते मत पाठातल्या ओळीवर बोट ठेवून सिद्ध करायचे. न्यायबुद्धीचे याहून चांगले शिक्षण शाळेच्या वयात दुसरे नाही. एकच पाठ वाचून दोन मुलांची दोन मते होतात. दोघांनाही आधार दाखवावा लागतो. समोरच्याचा आधार अधिक भक्कम निघाला तर आपले मत मागे घ्यावे लागते. लोकशाहीत नागरिकाला जन्मभर हेच करायचे असते. त्याची तालीम ज्या तासाला व्हायची, त्या तासातून आपण 'कशावरून?' हा प्रश्नच हाकलून दिला. उरले ते आधाराविना विशेषण, म्हणजे निव्वळ शिक्का. माणसावर शिक्का मारायला मूल चावडीवर शिकते, कट्ट्यावर शिकते, मोबाइलवर येणाऱ्या फुकटच्या संदेशांतून शिकते. शाळेचे काम तो शिक्का पुसण्याचे होते. शाळाच शिक्के मारू लागली, तर दाद कुणाकडे मागायची?

'श्यामची आई' घ्या. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. मराठी घराघरांत पोहोचलेल्या या आईचे आपण काय करून ठेवले? प्रेमळ, संस्कारी, स्वाभिमानी, सोशिक. पूर्णविराम. आता पुस्तक उघडा. पोहण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला ही आई शोधून काढते, शिंपटीने मारते आणि विहिरीवर धाडते. नंतर त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचाच जीव कळवळतो. हे वाचणाऱ्या कोणत्याही जिवंत मुलाच्या मनात पहिला प्रश्न येतो : मारणारी आई प्रेमळ कशी? त्या तासातला हा सर्वांत मोलाचा प्रश्न. एखादी मुलगी म्हणेल, पोराला जगाने भित्रा म्हणू नये म्हणून ती कठोर झाली. एखादा मुलगा म्हणेल, कारण काहीही असो, मारणे चूकच, आणि ते तिलाही कळले म्हणून तर ती कळवळली. दोघांनीही पुस्तक नीट वाचले आहे, दोघेही पुरावा देत आहेत. अशा वेळी वर्गात वादाचा आवाज चढला पाहिजे. पण गाईडमध्ये या दोन्हींपैकी एकही उत्तर नसते, म्हणून दोन्ही मुले गप्प बसतात आणि 'प्रेमळ' लिहून मोकळी होतात.

याच पुस्तकात अळणी भाजीचा प्रसंग आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील एक शब्द न बोलता जेवतात. आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला चूक कळते आणि ती हळहळते. या प्रसंगात कुणी कुणाची स्तुती करत नाही. वडिलांचा स्वभाव त्यांनी न उच्चारलेल्या तक्रारीत आहे, आईचा स्वभाव तिच्या हळहळीत आहे. न बोललेले ऐकायला शिकवणे ही भाषेच्या शिक्षकाची सर्वांत मोठी कामगिरी, आणि तिची संधी अशा पानांवर पडून आहे. त्याही पुढे जाता येते. ही सारी कहाणी मोठा झालेला श्याम आपल्या सोबत्यांना रात्रीमागून रात्र सांगतो आहे. आई या जगात नाही, मनात कृतज्ञता आहे आणि अपराधाची टोचणीही. मग आपल्याला दिसते ती आई जशी होती तशी, की श्यामला आठवते तशी? आठवीतले मूल हा प्रश्न सहज पेलते. तो कुणी विचारतच नाही, हे त्याचे दुर्दैव.

एकलव्याच्या बाबतीत तर विशेषणाने अन्यायावरच पांघरूण घातले. 'गुरुभक्त' हा एक शब्द फळ्यावर लिहिला की महाभारतातली ती भयंकर कथा निकालात निघते. आदिपर्व काय सांगते? एकलव्य निषादाचा मुलगा होता, म्हणून द्रोणाने त्याला शिष्य केले नाही. तो स्वतः शिकला. त्याची विद्या पाहून अर्जुन अस्वस्थ झाला आणि द्रोणाने आपल्याला दिलेल्या वचनाची त्याने गुरूला आठवण करून दिली. आणि ज्याने कधी शिकवले नाही, त्या गुरूने गुरुदक्षिणेत अंगठा मागितला. या कथेत तीन माणसे आहेत, तिघांचे तीन हेतू आहेत, आणि त्यांच्यामागे जन्मावरून विद्येचा हक्क ठरवणारी एक समाजरचना उभी आहे. 'गुरुभक्त' लिहिले की द्रोण सुटला, अर्जुन सुटला आणि ती समाजरचनाही सुटली. नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या आश्रमशाळेत बसलेल्या आदिवासी मुलाला तुम्ही या एका शब्दाने काय शिकवता? अंगठा कापून देणे हा सद्गुण, हे? त्याला विचारू द्या : द्रोणाला अंगठाच का हवा होता? अर्जुन गप्प का राहिला? एकलव्याने नकार दिला असता तर तो कमी थोर ठरला असता का? हे प्रश्न विचारणे त्याचा हक्क आहे, आणि तो हिरावून घेणारा प्रत्येक जण त्या अंगठ्याच्या मागणीत सामील आहे.

कर्णाचीही तीच गत. दानशूर! कवचकुंडले दिली, वाद नाही. पण द्यूतसभेत द्रौपदीविषयी ज्याच्या तोंडून अत्यंत हीन शब्द निघाले, तोही हाच कर्ण. अपमान सोसलेला माणूस दुसऱ्याचा अपमान करायला का धजावतो? तेरा वर्षांच्या मुलाने, ज्याला वर्गात कुणी चिडवले आहे आणि ज्याने दुसऱ्या कुणाला चिडवले आहे, या प्रश्नाशी दोन तास झगडले तर त्याला स्वतःविषयी जे कळेल, ते मूल्यशिक्षणाच्या शंभर तासिकांत कळणार नाही.

हे सारे परदेशातून आणायचे नवे तंत्र आहे, असे कुणी समजू नये. मराठीत याची भक्कम परंपरा आहे. दुर्गाबाई भागवतांचे 'व्यासपर्व' १९६२ साली आले. इरावती कर्वे यांचे 'युगान्त' १९६७ साली आले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इरावतीबाईंनी काय केले? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती समोर ठेवली आणि भीष्म, गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण या प्रत्येकाला संहितेच्या आधारावर तपासले. हजारो वर्षांचा दरारा त्यांनी मध्ये येऊ दिला नाही. पूज्य माणसाच्या वागण्यातला दोष दाखवला आणि तो कोणत्या प्रसंगावरून दिसतो तेही दाखवले. ज्या भाषेत हे पुस्तक लिहिले गेले, त्या भाषेच्या शाळेत मुलांना 'दानशूर' आणि 'गुरुभक्त' घोकायला लावले जाते. मराठीच्या अभिमानाच्या घोषणा देणाऱ्यांना याची लाज वाटली पाहिजे.

एका विशेषणात माणूस संपवण्याची सवय किती घातक असते, हे या देशाने कायद्याच्या रूपाने भोगले आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. कुणी काय केले, हे विचारायचे कारणच उरले नाही, कारण विशेषण आधी लावून ठेवले होते. तो कायदा १९५२ साली गेला, पण शिक्का अजून कित्येकांच्या कपाळावर आहे. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी समाज आहे. त्याच समाजातल्या एका म्हाताऱ्याचे चित्र व्यंकटेश माडगूळकरांनी १९४९ साली 'माणदेशी माणसं'मध्ये रेखाटले. त्यातला धर्मा रामोशी दारिद्र्याने पिचलेला आहे, लेकीच्या अंगावर धड वस्त्र नाही, आणि तरी त्याचे माणूसपण क्षणभरही उणे होत नाही. माडगूळकरांनी त्याला एकही विशेषण बहाल केले नाही. तो कसा बसतो, कसा बोलतो, मिळालेल्या धोतराचे काय होते, एवढेच दाखवले. एका बाजूला सरकारचा कायदा, दुसऱ्या बाजूला लेखकाची काही पाने. माणूस कुणी ओळखला? आपल्या शाळांनी मुलांना या दोनपैकी कुणाची पद्धत शिकवायची? आज त्या कायद्याची पद्धत शिकवत आहेत. आधी विशेषण, मग माणूस.

या अपराधाचे धनी अनेक आहेत. पहिले धनी गाईड छापणारे. त्यांनी मुलांच्या विचारांचा घाऊक धंदा मांडला आहे. पाठाखाली 'स्वमत' नावाचा प्रश्न असतो. मुलाने स्वतःचे मत स्वतःच्या शब्दांत मांडावे, हा त्याचा हेतू. त्या 'स्वमता'चे छापील उत्तर बाजारात विकत मिळते, हजारो मुले तेच पाठ करतात आणि तपासणारे त्यालाच पूर्ण गुण देतात. मुलाचे मत दुसऱ्याने लिहायचे, बापाने विकत आणायचे, मुलाने घोकायचे आणि शाळेने त्यावर शाबासकी द्यायची! याहून मोठी फसवणूक शिक्षणाच्या नावावर कोणती असू शकते?

दुसरे धनी प्रश्नपत्रिका काढणारे आणि तपासणारे. चौकटी तपासायला सोप्या, म्हणून चौकटी. मुलाने 'हट्टी' लिहिले आणि नमुना उत्तरात 'जिद्दी' असेल, तर गुण कापायचे. हट्टी आणि जिद्दी यांतले अंतर पाठातल्या प्रसंगावरून तपासणे हाच खरा अभ्यास होता, तोच लाल शाईने खोडला जातो. तिसरे धनी शासन. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने घोकंपट्टी सोडा आणि ज्ञान शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडा, असे बजावले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चिकित्सक विचाराचा जागर केला. कागदावर क्रांती झाली. वर्गात मात्र तोच गोल आणि त्याच चार चौकटी. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही हवीत, असे स्पष्ट लिहिले आहे. मग कितीतरी शाळांत पुस्तकांच्या कपाटाला कुलूप का? पुस्तके फाटतील या भीतीने ती वाचूच न देणारी शाळा कायदा पाळते आहे, असे कोण म्हणेल?

शिक्षकांनाही आम्ही मोकळे सोडणार नाही, पण त्यांच्यावरचा जुलूम झाकणारही नाही. याच कायद्याचे कलम २७ सांगते की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येणार नाही. प्रत्यक्षात माहिती भरा, सर्वेक्षण करा, फोटो पाठवा, अहवाल चढवा, यांत शिक्षकाचा दिवस संपतो. ज्याला स्वतःला पुस्तक वाचायला उसंत नाही, तो मुलांना पात्र वाचायला कसा शिकवणार? हे खरे. पण ज्यांना उसंत आहे, पगार आहे, अनुभव आहे आणि तरीही जे गाईड हातात धरून फळ्यावर चार विशेषणे उतरवतात, त्यांनी कोणत्या तोंडाने स्वतःला भाषेचे शिक्षक म्हणवायचे?

आता ठरलेले आक्षेप. म्हणे, मुले लहान आहेत, त्यांना हे झेपणार नाही. धादांत खोटे! बारा-तेरा वर्षांचे मूल दिवसभर माणसेच पारखत असते. कोणते सर पक्षपात करतात, कोणती मैत्रीण तोंडावर एक आणि मागे एक बोलते, आई कधी खरेच रागावलेली असते आणि कधी नुसती थकलेली, हे त्याला अचूक कळते. ही जन्मजात पारख शाळेत आल्यावर बोथट होते, आणि ती बोथट करणारे तुम्ही आहात. म्हणे, गुण कसे द्यायचे? सोपे आहे. मुलाचे मत तुम्हाला पटले का, याला शून्य महत्त्व. मत स्पष्ट मांडले का, त्याला पाठातला प्रसंग जोडला का, आणि त्या प्रसंगातून ते मत कसे निघते हे समजावले का, या तीन गोष्टींना गुण द्या. म्हणे, अशाने संस्कार बिघडतील, मुले थोरांची चिकित्सा करू लागतील. करू द्या! साने गुरुजींनी स्वतःचे हट्ट, स्वतःची भीती, स्वतःचे अपराध पानोपानी उघडे करून सांगितले, आणि त्यातूनच ते पुस्तक संस्काराचे झाले. ज्या थोरपणाला सातवीतल्या मुलाचा प्रश्न सोसवत नाही, त्या थोरपणाची पूजा मुलांकडून करवून घेऊ नका.

पद्धतीसाठी खर्च लागत नाही. एका पाठाला तीन तास द्या. पहिल्या तासाला पाठ मोठ्याने, नीट, आवाज देऊन वाचा आणि एकही प्रश्न विचारू नका. दुसऱ्या तासाला वहीत दोन रकाने आखायला सांगा : डावीकडे माणसाने केलेली कृती किंवा उच्चारलेले वाक्य, उजवीकडे त्यावरून मला काय वाटले. डावा रकाना रिकामा ठेवून उजवा भरायला सक्त मनाई. तिसऱ्या तासाला वाद होऊ द्या. एका मुलाला द्रोण करून समोर बसवा आणि साऱ्या वर्गाला त्याची उलटतपासणी करू द्या. अण्णाभाऊ साठे यांच्या १९५९ सालच्या 'फकिरा'मधला वेचा द्या. उपाशी माणसांसाठी इंग्रजांचा खजिना लुटणारा आणि आपल्या लोकांचा जीव वाचवण्यासाठी स्वतःहून स्वाधीन होणारा फकिरा दरोडेखोर की तारणहार, यावर वर्गाचे दोन तट पडू द्या. बालभारतीच्या 'किशोर' मासिकात १९७१ पासून मुलांसाठी उत्तम लेखन साठले आहे, ते वर्गात आणा. आणि शेवटी प्रत्येकाला एक परिच्छेद स्वतःच्या हाताने लिहू द्या. तो मोडका असेल, अशुद्ध असेल, पण त्याचा असेल.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. सहावी ते आठवीच्या प्रश्नपत्रिकांतून स्वभाववैशिष्ट्यांच्या चौकटी कायमच्या हद्दपार करा. पाठातल्या आधाराविना लिहिलेल्या विशेषणाला एकही गुण देऊ नका, आणि आधारासह लिहिलेल्या विरोधी मताला पूर्ण गुण द्या. वर्षाला किमान एक पुस्तक अथपासून इतिपर्यंत वर्गात वाचून घ्या, कारण दोन पानांच्या वेच्यात माणूस बदलताना दिसत नाही. ग्रंथालयांची कुलपे काढा. कलम २७ मोडून शिक्षकाला कारकून करणाऱ्या प्रत्येक आदेशाचा जाब शिक्षक संघटनांनी विचारावा, आणि तो विचारण्याचा नैतिक अधिकार मिळवायचा असेल तर आपल्या वर्गातून गाईड आधी बाहेर काढावे. पालकांनी उत्तरपत्रिकेतले गुण मोजण्याआधी मुलाला एकच विचारावे : हे तुला कशावरून वाटले?

मोठी झालेली हीच मुले उद्या मत देतील, पंचायतीत बसतील, न्यायाधीश होतील, शेजाऱ्याच्या धर्माविषयी आणि जातीविषयी बोलतील, आपल्या नेत्याला देव मानतील किंवा जाब विचारतील. त्या वेळी पुरावा मागण्याची सवय त्यांच्यात असेल की आयता शिक्का उचलून कपाळावर मारण्याची, हे आज सातवीच्या मराठीच्या तासाला ठरते आहे. तो तास नासवणारे लोक एका विषयाचे नुकसान करत नाहीत, ते या राज्याचे भावी नागरिक बिघडवत आहेत. शिक्षण खात्याने, पाठ्यपुस्तक मंडळाने आणि प्रत्येक शाळेने येत्या शैक्षणिक वर्षाआधी याचे उत्तर द्यावे. आणि त्या उत्तराच्या प्रत्येक वाक्याला पुरावा जोडावा.